दोन्ही अंगठ्यांचा पंच

काही खरं सांगायचं असलं की तो आधी डाव्या हाताचा अंगठा डोक्याच्या केसांना पुसायचा. अंगठ्याला शाई असो वा नसो. मग म्हणायचा, "समक्ष सांगतो, भाऊसाहेब." एवढं झालं की ऐकणाऱ्याने ओळखावं, आता कुणाचं तरी काहीतरी बाहेर पडणार.

मी मोखाड्याकडच्या एका सजाला तलाठी होतो आणि तो माझा कोतवाल. ज्यांचा महसूल खात्याशी संबंध सातबाऱ्याच्या उताऱ्यापुरताच येतो त्यांच्यासाठी सांगतो, कोतवाल म्हणजे पोलीस नव्हे. नोटिसा नेऊन देणारा, दवंडी देणारा, तलाठ्याचं दप्तर उचलणारा आणि साहेब तलाठ्याला झापत असताना शेजारी उभं राहून जमिनीकडे बघणारा गावचा माणूस तो. त्याला स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. त्याची बायकोसुद्धा दारातून हाक मारायची, "कोतवाल, भाकर खाऊन जावा."

त्याचं खरं महत्त्व पंच म्हणून. पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि आमच्याकडे दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर नाहीतर रेतीवर निघून जातात. गावात उरतात म्हातारे, कोंबड्या आणि कोतवाल. त्यामुळे झाड पडो, बैल मरो, कुणाची नागली रानडुकरं खावोत, पंच हाच. चौथी शिकलेला होता, सही यायची, पण द्यायचा अंगठाच. "सही कोण पण शिकतो," म्हणायचा. "अंगठा शिकाला येत नाय." कधी दुसरा पंच मिळालाच नाही, तर डावा अंगठा स्वतःच्या नावापुढे आणि उजवा वसईला भट्टीवर गेलेल्या कुणाच्या तरी नावापुढे, असंही झालेलं आहे. हे नियमात बसत नाही हे मला ठाऊक होतं. त्यालाही होतं. "देवानं दोन हात दिलं कशाला मंग?" असं विचारून तो दोन्ही अंगठे केसांना पुसायचा.

त्याला येशूकडे मी पाठवलं. म्हणजे पाठवलं तालुक्याने, मी फक्त पत्र वाचलं. गावाखालच्या रस्त्यालगत एका खोलीत दर रविवारी प्रार्थनेला लोक जमतात, त्याची माहिती कळवा, असं ते पत्र होतं. रविवारी मी काही जाणार नव्हतो. मी कोतवालाला पाठवलं.

सोमवारी सकाळी तो आला. अंगठा पुसून झाला.

"समक्ष सांगतो, भाऊसाहेब. खोली कौलारू, दरवाजा दक्षिणेला. हजर माणसा एकोणीस. सगळी पापी."

"पापी? कोण म्हणालं?"

"पास्टर बोलला. तो सोता पण पापी हाय, असा तो सोताच बोलला. त्याला धरून वीस." मग जरा थांबला. "माना धरून एकवीस."

लोक शांततेने जमतात, असं मी अहवालात लिहिलं. पापी हा शब्द गाळला. तालुक्याला त्याचं काय करावं ते कळलं नसतं.

पुढच्या रविवारी तो कुणाच्या हुकुमाशिवाय गेला. त्यानंतर जातच राहिला. दारू सुटली, ती कशी सुटली ते कुणालाच नीट कळलं नाही. एकदा मी विचारलं, "कोतवाल, तिथे एवढं काय आहे?" तो म्हणाला, "तिथं सायेब सोता उठून बोलतो, माझा चुकला. आपल्या खात्यात असा सायेब बघितला काय?" बघितला नव्हता. मी विषय बदलला.

तिथले पाळक, म्हणजे मंडळीचे पास्टर, जव्हारकडचे होते. पस्तिशीचा सडपातळ माणूस, खडबडीत रस्त्याने मोटरसायकलवर यायचा आणि बोलायच्या आधी अर्धा तांब्या पाणी प्यायचा. पाप, तारण, नवा जन्म, असं सगळं ते समजावून सांगत. आमच्या कोतवालाला ते त्यांच्यापेक्षा लवकर समजलं, कारण त्याला फेरफार माहीत होता. "जुन्या नावाला कंस," तो मला एकदा समजावत होता, "नवा नाव खाली. जमीन तीच, भाऊसाहेब. मालक बदलतो." मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत, पण आत्म्याचा सातबारा इतका स्वच्छ कुणी काढून दाखवला नव्हता.

घोटाळा एवढाच झाला की फेरफाराला पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि हरकती मागवाव्या लागतात, हेही त्याला पाठ होतं. बाप्तिस्म्याचा दिवस ठरला आणि एका सकाळी मला माझ्याच कार्यालयाच्या फळ्यावर कागद दिसला: "सर्वांस कळविण्यात येते की, खाली अंगठा करणार पापी इसम याचे जुने जीवन जाऊन नवीन जीवन लागत आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत कळवावे. नंतर तक्रार चालणार नाही."

मी तो सरकारी फळ्यावरून काढायला लावला. त्याने तो समोरच्या जांभळाला टाचला.

हरकती दोन आल्या. पहिली बोहाड्याच्या मंडळींची. बोहाड्यात, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर चालणाऱ्या नाचात, भस्मासुराचं सोंग वर्षानुवर्षं हाच आणत असे. आता भस्मासुर नाचवायचा कुणी? त्याने तो मुखवटा साडूच्या डोक्यावर बसवला, चार दिवस अंगणात त्याला पाय शिकवले आणि हरकत निकाली काढली. नाच शिकवणं पापात धरतात का, हे पाळकांना विचारलं. ते म्हणाले, "बघतो." त्यांनी अजून बघितलेलं नाही.

दुसरी हरकत बायकोची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून स्वतःविरुद्धची हरकत त्यानेच लिहून घेतली आणि तिचा अंगठा घेतला. मजकूर असा: "हा माणूस पावसात पण भिजाला मागत नाही. नदीत बुडवायचा असेल तर घरची आंघोळ पण रोज चालू करावी." त्याने खाली शेरा मारला, "हरकत मान्य." विश्वासाचं पहिलं फळ असं आम्हा सर्वांच्या पदरात पडलं. त्याच्याबरोबर एका खोलीत दप्तर चाळत बसणाऱ्या माझ्या तर फारच.

बाप्तिस्मा दाभोशाकडच्या नदीत झाला. एका जीपमध्ये मावतील तितके लोक गेले आणि जीपमध्ये मावणार नाहीत तितकेही गेले. मीही गेलो, बघायला म्हणून. पाळकांनी त्याला पाण्यात घेतलं, प्रार्थना केली, बुडवून वर काढलं. नाकातोंडातून पाणी गळत असताना त्याचा पहिला प्रश्न, "मंजूर?"

पाळकांना हसू आवरेना. ते म्हणाले, "मंजूर."

तो काठावर येऊन रडायला लागला. मोठ्याने, लहान मूल रडतं तसा. मला तिथून हलताही येईना आणि त्याच्याकडे बघताही येईना.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पुढे पाळकांनी त्याला साक्ष द्यायला सांगितलं आणि गाडी घसरली.

ख्रिस्ती मंडळीत साक्ष देणं म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. आमच्या कोतवालाला साक्ष एकच ठाऊक, पंचनाम्याची. तो उभा राहिला, अंगठा पुसला आणि सुरू झाला. "समक्ष सांगतो की, मी सरकारी जंगलातून सागाचा एक खांब चोरला. जागेच्या पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला वनखात्याचा बांध. खांबाचा जाडा टोक माझ्या खांद्यावर, बारीक टोक यांच्या." आणि त्याने तिसऱ्या ओळीतल्या माणसाकडे बोट केलं. तो गावचा दुकानदार. बायकोच्या आग्रहाने पहिल्यांदाच आला होता.

पुढच्या रविवारी एका चोरलेल्या कोंबडीची साक्ष झाली. ती खाताना हजर असलेल्यांत खोलीचा मालक होता, ज्याच्या खोलीत ही प्रार्थना चाले. तिसऱ्या रविवारी एकोणिसाची अकरा माणसं झाली. त्यातलीही निम्मी दुसऱ्यांची नावं ऐकायला आलेली.

पाळक माझ्याकडे आले. पाणी प्यायले. म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा माणूस आहे. तुम्ही समजवा. मंडळी मोडायला आली."

मी म्हटलं, "आता तुमचा आहे. माझा होता तेव्हा दारू प्यायचा, आंघोळ करत नव्हता, पण गप्प बसायचा."

"मी सांगून बघितलं, आपलं पाप आपण सांगावं, दुसऱ्याचं कशाला? तर म्हणतात, साक्ष म्हणजे साक्ष. हजर कोण होता ते नाही सांगितलं, तर पंचनामा कच्चा राहतो."

त्या दिवशी मी जेवताना, झोपताना, आठवेल तेव्हा हसलो. दुकानदाराचा चेहरा आठवून तर फारच. बुधवारी कोतवाल माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने अंगठा पुसला.

"भाऊसाहेब, येत्या रविवारी साक्षीला म्हातारीचा घर घेतो."

माझं हसू तिथल्या तिथे आटलं.

म्हातारीचं घर म्हणजे आमच्याच गावच्या एका एकट्या राहणाऱ्या विधवेचं घर. कुडाच्या भिंती, खांब वाळवीने पोखरलेले. कोतवालाच्या बाप्तिस्म्याच्या आधी कधीतरी ते एक दिवस आपोआप बसलं. त्यानंतर आठ दिवसांनी वळवाचा मोठा वारा झाला, आणि वाऱ्यात पडलेल्या घरांना मदत द्यायचा हुकूम आला. त्या दिवशी पडलेल्या घरांनाच, आधीच्यांना नाही. पंचनाम्याला गेलो तेव्हा म्हातारी पडलेल्या कुडाजवळ बसली होती. विचारल्यावर खरं बोलली, "वाऱ्याच्या आधी आठ दिस पडला." मी म्हटलं, "आजी, तुम्ही गप्प बसा," आणि वाऱ्याची तारीख टाकली. कोतवालाने दोन्ही अंगठे दिले. म्हातारीच्या डोक्यावर पत्रे आले. माझ्या नोकरीत मी केलेलं एकमेव चांगलं काम ते, आणि तेच खोटं होतं.

आता हे मंडळीत बोललं गेलं असतं, तर दुकानदार सूड उगवायला टपलेलाच होता. सोमवारी तालुक्याला अर्ज गेला असता. मी निलंबित झालो असतो. म्हातारीला वसुलीची नोटीस निघाली असती, आणि ती नोटीस तिच्या हातात द्यायला कोतवालच गेला असता.

मी हे सगळं त्याला सांगितलं. तो मान डोलवत होता.

"अहो, ते पाप नव्हतं, कोतवाल. पुण्य होतं ते."

"पुण्य तुमच्याकडं असल," तो म्हणाला. "आमच्याकडं आता पुण्य चालत नाय. नुसती दया."

"मग दया करा की त्या म्हातारीवर!"

त्याने दोन्ही अंगठे माझ्यापुढे धरले. म्हणाला, "दोन्ही अंगठं माझं हायेत, भाऊसाहेब. एक पण पंच खरा नाय त्यात. मी देवाला काय दाखवू?" मला राग आला होता, भीती वाटत होती, आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की मी घाबरलो होतो नोकरी जाण्याला आणि तो कशाला तरी फार मोठ्याला.

रविवारी मी गेलो. शेवटी, दाराजवळ बसलो. खोली गच्च भरलेली. बातमी फुटली होती. दुकानदार पुढच्या ओळीत, कडक इस्त्रीचा सदरा घालून. एका कोपऱ्यात म्हातारी. ती कधी प्रार्थनेला येत नसे, पण आपलं नाव निघणार असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

कोतवाल उभा राहिला. घर सांगितलं. चतुःसीमा सांगितल्या. घर वाऱ्याच्या आठ दिवस आधी पडलं आणि पंचनाम्यात वाऱ्याचा दिवस लागला, तेही सांगितलं.

"दोन्ही अंगठं माझं," तो म्हणाला. "समक्ष हजर..."

आणि थांबला.

"बोल ना," दुकानदार ओरडला. "तलाठी होता का नाय, ता बोल!"

कोतवालाने खोलीभर नजर फिरवली. माझ्यावर आली, तशीच पुढे गेली. "हजर मी," तो म्हणाला. "ज्याची साक्ष त्यानं द्याची. मी माझी दिली."

"असा काय? मंग माझी का दिलीस?"

खोलीत असा हशा उठला की पाळकांनीही तोंडावर हात धरला. कोतवाल मात्र हसला नाही. त्याने दुकानदाराकडे बघितलं, मग खोलीच्या मालकाकडे. त्याला त्या क्षणी काहीतरी उमगलं असावं. दोन्ही हात जोडून म्हणाला, "ता पण पाप झाला. आजच्या साक्षीत जोडून घ्या." आणि खाली वाकून त्याने दुकानदाराच्या पायाला हात लावला. दुकानदार एवढा गांगरला की "बस, बस, खांब बारीकच होता," असं बोलून गेला.

एवढ्यात कोपऱ्यातून म्हातारी उठली. "तारीख मी सांगितली," ती म्हणाली. "भाऊसाहेबानं विचारला, मी वाऱ्याचा दिस सांगितला. तो काय करल? पाप माना लावा."

ती साफ खोटं बोलत होती. देवाच्या खोलीत उभी राहून, तिचा नसलेल्या देवासमोर, माझ्यासाठी. मी फक्त उठून "नाही" म्हणायचं होतं. मी बसून राहिलो. पायाशी कुणाची तरी चप्पल उलटी पडली होती, ती सुलटी केली.

पाळकांनी म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. अर्ज कुठेही गेला नाही. जाणार तरी कसा, खांब बारीक असल्याची कबुली दुकानदाराने स्वतःच दिली होती. पुढच्या रविवारी एकवीस माणसं जमली, असं मला नंतर कळलं.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर मी कोतवालाची वाट बघत थांबलो. आभार मानावेत, का रागवावं, ठरत नव्हतं. तो आला. काही पुसलं नाही, समक्ष म्हणाला नाही. हळू आवाजात बोलला.

"तुमची जागा कोरी ठेवलीय, भाऊसाहेब. तुमच्या हातानं भरा. घाई नाय."

दोन वर्षांनी माझी बदली झाली. तेवढ्या काळात त्याने तो विषय एकदाही काढला नाही. नोटिसा वाटल्या, दप्तर उचललं, पंचनाम्याला दुसरा पंच खरा मिळेपर्यंत मला दोन दोन तास उन्हात उभं ठेवलं. मी चिडलो की म्हणायचा, "येल, येल, माणूस येल." आणि माणूस यायचा.

म्हातारी त्या पत्र्यांखालीच एका उन्हाळ्यात गेली. त्यानंतर कोतवालाच्या बायकोचा फोन आला. "कोतवाल गेलं, भाऊसाहेब." मी पोचलो तोवर मातीही झाली होती. नदीच्या वरच्या अंगाला ताजा ढिगारा आणि त्यावर बांबूच्या दोन काठ्यांचा क्रूस. तिने मला कोरा चहा दिला. मी विचारलं, माझी आठवण काढायचे का?

"रोज नाव घ्याचं, प्रार्थनेला. बोलाचं, भाऊसाहेबाचा तेवढा राहिलाय."

"काय राहिलंय, ते सांगितलं नाही?"

"मी विचारला. तं बोललं, त्याचा तो सांगल."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी गप्प आहे तो म्हातारीसाठी. आता म्हातारी नाही, कोतवालही नाही, आणि गप्प बसायला निमित्तही उरलेलं नाही. घर वाऱ्याच्या आठ दिवस आधी पडलं होतं. म्हातारी खरं बोलली होती, तिला मी गप्प केलं. तारीख माझ्या हाताने लिहिली. तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं तेव्हा मी त्या खोलीत दाराजवळ बसलो होतो, आणि उठलो नाही.